उजवा रकाना कुणाचा?

इंग्रजी शब्दार्थांची वही आपल्यापैकी बहुतेकांनी वापरली आहे. पानाच्या मध्यावर पट्टीने ओढलेली उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ. रोज दहा शब्द पाठ आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा. आपण कवितेवर टीका लिहितो, कादंबरीवर लिहितो, पाठ्यपुस्तकात कुणाचे धडे आले आणि कुणाचे गाळले यावरही वाद घालतो. ही वही मात्र टीकेच्या कक्षेत कधी येत नाही. मला ती आणावीशी वाटते. आपली पोरे आयुष्यात जे पहिले पुस्तक स्वतःच्या हाताने लिहितात, ते हेच.

मी कोल्हापुरात तीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवले. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात अधूनमधून मीही उभा आहे.

इंग्रजी आपल्या मुलांना जड जाते कारण ती परकी आहे, असा एक सर्वमान्य समज आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. डावा रकाना अवघड आहे खरा, पण तो थोड्याफार फरकाने सगळ्या वर्गालाच अवघड असतो. आपल्या मुलाची खरी अडवणूक होते ती उजव्या रकान्यात. तिथे जी भाषा 'अर्थ' म्हणून बसवलेली असते, ती त्याच्या घरची नसते.

१९७४ साली करवीर तालुक्यातील एका खेड्यात मी पाचवीत गेलो आणि इंग्रजी सुरू झाले. 'डँप' या शब्दापुढे गुरुजींनी फळ्यावर लिहिले, 'दमट, आर्द्र'. आमच्या घराच्या भिंतीला आषाढात हात लावला तर बोटे वली व्हायची. डँप म्हणजे काय हे मला अंगाने माहीत होते, पण आर्द्र म्हणजे काय ते माहीत नव्हते. घरी येऊन आईला विचारले, "आये, आर्द्र म्हंजी काय गं?" ती म्हणाली, "नक्षत्र न्हवं का ते? मिरगामागनं येतंय ते." मी पाठ केले : डँप म्हणजे मिरगानंतरचे नक्षत्र. 'ट्वायलाइट' म्हणजे संधिप्रकाश. आमच्यात कडूस पडायचे. 'क्विल्ट' म्हणजे दुलई. आम्ही सहा जण दोन वाकळांत निजायचो. 'व्हेजिटेबल्स' म्हणजे भाजीपाला, घरी माळवं. 'बास्केट'पुढे मी चाचणीत 'बुट्टी' लिहिले, त्यावर तांबड्या शाईची फुली आली आणि शेजारी शेरा, 'टोपली असे लिहावे'. माझे इंग्रजी बरोबर होते. इंग्रजीच्या पेपरात माझे गुण मराठीने कापले.

त्याच वर्गात गावातल्या कुलकर्ण्यांच्या आळीतला मुलगा होता. 'ट्वायलाइट' त्यालाही त्या दिवशी नवीनच होता. पण 'संधिप्रकाश' त्याच्या घरात आधीच येऊन बसलेला होता. पुस्तकातून, रेडिओतून, कीर्तनातून. त्याने त्या दिवशी एक शब्द शिकला आणि मी दोन. शिवाय माझा तिसरा, जो मला येत होता, तो फुकट गेला. डावा रकाना सर्वांना सारखाच परका, असे मात्र म्हणता येत नाही. त्याचे चुलते बी. ए. झालेले, घरात इंग्रजी वर्तमानपत्र पाहिलेले. तरी वर्षभर झटले तर डाव्या रकान्यातले अंतर मला कापता येत होते. उजव्या रकान्यात अंतर आहे हेच कुणाला कबूल नव्हते, कारण ती तर 'मातृभाषा' होती.

हा उजवा रकाना भरला कुणी? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. इंग्रजी-मराठी कोश कँडीने पुरा केला तो १८४७ साली. हाताखाली शास्त्रीपंडित. हाच कँडी पुढे सरकारी शिक्षणखात्यातील मराठी पुस्तकांची भाषा तपासणारा झाला. मोल्सवर्थवर अन्याय नको. त्याने रानावनातले, खेड्यातले कितीतरी शब्द गोळा केले आणि त्याचा कोश आजही उघडला की आपल्या आजीच्या तोंडचा शब्द सापडतो. पण शाळेच्या वहीत कोशातला कोणता शब्द उतरवायचा, हे ठरवणारा मास्तर पंडिताच्या घरचा होता. यात कट होता असे मला म्हणायचे नाही. ज्याला विचारले त्याचा शब्द लागला. आम्हाला कुणी विचारले नाही, इतकेच.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचे श्रेय विष्णुशास्त्री चिपळूणकरांना दिले जाते. (शिक्षणाविषयीचे जवळजवळ तसेच वाक्य आता आपल्या फलकांवर बाबासाहेबांच्या नावाने रंगवतात, रंगवणाऱ्यांनी एकदा चौकशी करावी.) याच शास्त्रीबुवांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या मराठीची टिंगल केली होती. म्हणजे डाव्या रकान्याचे दूध सर्वांनी प्यावे, पण उजव्या रकान्यात आमच्या वळणाचे मराठी दिसले की हसू यावे. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि १८४७ च्या सुमारास त्यांनी टॉमस पेन वाचला. त्यांचे इंग्रजी कुणाला खटकले नाही. खटकले ते मराठी.

आपल्या कोल्हापूरची गोष्ट याहून वेगळी असायला हवी होती. शाहू महाराजांनी १९०२ साली निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम झाला. पुढच्याच वर्षी माणगावची परिषद भरली. बाक एक झाले. भाषेचा हुकूम कुणी काढू शकत नव्हते. एका बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या वह्यांत उजवा रकाना मात्र एकाच घरचा राहिला.

आता मूळ मुद्द्याला येतो. उजव्या रकान्यातली भाषा जड आहे, ही तक्रार बोलीचे कौतुक करणारे सुशिक्षित लोकही करतात. पण त्या रकान्यात जडपणाहून वाईट असे काही बसलेले आहे, आणि ते मला शिक्षक झाल्यावर कळले, तेही उशिरा.

खालच्या वर्गांना व्यवसायांची नावे शिकवतात. 'पॉटर' म्हणजे कुंभार. 'बार्बर' म्हणजे न्हावी. 'कार्पेंटर' म्हणजे सुतार. 'गोल्डस्मिथ' म्हणजे सोनार. 'कॉब्लर' म्हणजे चांभार. मी हे फळ्यावर किती वर्षे लिहिले याची गणती नाही. एके वर्षी 'चांभार' लिहून मागे वळलो तर सगळा वर्ग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाकडे पाहत होता. कुणी हसले नाही. हसले असते तर मी छडी उगारली असती आणि माझे समाधान झाले असते. वर्ग नुसता पाहत होता, आणि तो मुलगा वहीत 'चांभार' हा शब्द उतरवून घेत होता, कारण चाचणीत तो यायचा होता.

इंग्रजीतला कॉब्लर जोडे दुरुस्त करतो. तो दुसरे काही करू लागला की कॉब्लर राहत नाही. उजव्या रकान्यातला चांभार जोड्याला हात न लावताही चांभारच असतो; कलेक्टर झाला तरी, प्राध्यापक झाला तरी. डावीकडे काम आहे, उजवीकडे जन्म आहे, आणि मधल्या रेघेवर आम्ही बरोबरचे चिन्ह काढतो. इंग्रजांतही कामावरून आडनावे पडली. स्मिथ, टेलर, कुक, बेकर आहेत. छपरे शाकारणाऱ्याला ते थॅचर म्हणत. त्या आडनावाची बाई १९७९ ते १९९० अशी अकरा वर्षे त्यांची पंतप्रधान होती आणि तिला कुणी छप्पर शाकारायला बोलावले नाही. आडनाव तिथे खुणेपुरते उरले. आमच्याकडे 'टीचर'चा अर्थ शिक्षक, 'डॉक्टर'चा अर्थ डॉक्टर, 'जज'चा अर्थ न्यायाधीश. या शब्दांपुढे आम्ही जात लिहीत नाही. हाताने काम करणाऱ्याच्या पुढेच ती लिहितो. पाठ करायच्या यादीत वर्णव्यवस्था अशी दहा दहा शब्दांच्या हप्त्याने आत जाते, आणि ती इंग्रजीच्या तासाला जाते म्हणून आधुनिक वाटते.

'होस्ट' म्हणजे यजमान हाही असाच. यज्ञ करवून घेणारा तो यजमान. आमच्या दारी येणाऱ्या पाव्हण्याला भाकरी घालणारा माझा बाप कुणाच्या व्याख्येने यजमान होता? आणि 'बेग' म्हणजे भिक्षा मागणे, याचना करणे. माझी आजी गावात भाकरी मागायला जायची ती वर्षभराच्या राबणुकीच्या बदल्यात. येसकराच्या पाळीचे ते ठरलेले होते. तिला याचना म्हणायचे की थकलेली मजुरी वसूल करणे? दोन्हींपैकी कोणताच अर्थ पुरता बसत नाही. सातवीत आमच्या एका मास्तरांनी 'पोल्यूट'चा अर्थ सांगितला होता, 'विटाळणे, बाटवणे'. आता पुस्तकात 'प्रदूषण' असते. शब्द बदलला हे चांगलेच झाले. पण ज्या वर्षी तो अर्थ सांगितला गेला, त्या वर्षी पाण्याच्या माठापासून लांब उभी राहणारी आम्ही पाच मुले त्या वर्गात होतो, आणि आम्हीही तो दहा वेळा लिहिला.

कुणी म्हणेल, मग डावा रकाना निर्दोष आहे काय? नाही. 'पराया' हा शब्द इंग्रजांनी तमिळ परैयरांच्या नावावरून उचलला. परै हा त्यांचा ढोल. ढोल वाजवणाऱ्यांचे नाव इंग्रजीत 'बहिष्कृत' या अर्थाने रुजले आणि आता युरोपातल्या वर्तमानपत्रात एखाद्या देशालाही लावले जाते. 'कास्ट' त्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. शाळेत शिकवायचे शब्द ठरवण्याचे शास्त्रही काही आकाशातून पडलेले नाही. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने ढाक्क्याला काम करताना बंगाली मुलांसमोर ते पारखले, आणि १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची त्याची यादी प्रसिद्ध झाली. कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजून या याद्या केल्या. मोजणी झाली ती छापील इंग्रजीत. आमच्या पोराच्या दिवसात कोणता शब्द किती वेळा येतो, ही मोजणी त्यात असण्याचे कारण नव्हते. तरी मी वेस्टला दोष देणार नाही. थोड्या शब्दांत गरिबाच्या पोराला वाचता यावे, ही त्याची धडपड खरी होती.

सरकारी धोरणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो वाद आपल्याकडे भरपूर झाला आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतले इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवले. शहरातल्या पांढरपेशांनी घरी शिकवणी लावून ती तूट भरून काढली. आपण भरून काढू शकलो नाही. पुढे महाराष्ट्रात ते पाचवीला आले आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून सुरू झाले. मी त्या निर्णयाच्या बाजूने होतो, आजही आहे. उत्तर प्रदेशात बांका गावी चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराचा घाट घातला गेला. देवी मला नको, पण त्यामागची निकड मी समजू शकतो. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीची थोरवी गायली तेव्हापासून ती आपल्याकडे आहेच. केनियाचे न्गुगी यांनी १९८६ साली इंग्रजीला रामराम करून मातृभाषेत लिहिण्याचा निर्धार जाहीर केला, त्याचे दाखले आपले मराठीप्रेमी देतात. न्गुगींच्या गिकुयूत त्यांची आई बोलत होती. माझ्या वहीतल्या मराठीत माझी आई कुठे होती?

पण पहिलीपासून इंग्रजी आणले म्हणजे डावा रकाना चार वर्षे आधी आला, एवढेच. गल्लीबोळात निघालेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी तर उजवा रकानाच काढून टाकला. तिथे 'ह्यूज' म्हणजे 'व्हेरी बिग' आणि 'व्हेरी बिग' म्हणजे 'ह्यूज'. पोराला दोन्ही पाठ. विहीर केवढी होती असे विचारले तर दोन्ही हात पसरतो आणि गप्प राहतो.

यातून मार्ग नाही असे नाही. आपल्याच माणसांनी तो काढलेला आहे. बाबासाहेबांच्या चरित्रांत येते की रामजी सुभेदारांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून घोटून घेतली. म्हणजे वही त्यांचीही दोन रकान्यांचीच होती. पण जोतीरावांनी 'स्लेव्हरी' या शब्दापुढे कोशातला अर्थ लिहून वही मिटली नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या त्या शब्दापुढे त्यांनी शूद्रातिशूद्रांचे जगणे लिहिले आणि १८७३ साली 'गुलामगिरी' झाली. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी 'पँथर' घेतला, तेव्हा त्याचे मराठी करून बिबट्या केला नाही; उजवा रकाना मुद्दाम मोकळा ठेवला आणि रस्त्यावर उतरून भरला. खुद्द 'दलित' शब्द पाहा. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा अर्थ दळलेले, भरडलेले, तुकडे केलेले असा आहे; वस्तूंविषयीचा शब्द. त्यात माणसे आपण घातली. आज तो इंग्रजी कोशांत डाव्या बाजूला छापलेला असतो आणि त्याचा अर्थ इंग्रजांना पाठ करावा लागतो. उलट बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' इंग्रजीत 'द प्रिझन्स वी ब्रोक' या नावाने गेले. भाषांतर मोलाचे आहे, पण 'जिणं'पुढे इंग्रजीत काय लिहावे हा प्रश्न त्या नावाने सोडवला नाही, बाजूला ठेवला. शाळेच्या वहीत 'लाइफ' म्हणजे जीवन, आयुष्य. जिणं तिथे कधीच आले नाही.

नोकरीची शेवटची काही वर्षे मी वर्गात एक प्रयोग केला. पानावर दोन उभ्या रेघा. तिसऱ्या रकान्यात घरचा शब्द. मला वाटले होते की आपली पोरे बोलू लागतील आणि बाकीची गप्प होतील. तसे झाले नाही. 'वेट'पुढे वलं आले, ओलं आले, बागवानांच्या मुलाने गीला लिहिले, सीमेकडून आलेल्या एका लिंगायत मुलीने कन्नड 'ओद्दे' लिहिले. 'फीस्ट'पुढे पुस्तकात मेजवानी, पोरांनी लिहिले 'म्हाई', आणि मटणाच्या आठवणीने तास उधळला. 'प्रिव्हिलेज' म्हणजे विशेषाधिकार हे कुणाच्या गळी उतरेना. एकाने लिहिले 'मान'. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, तो मान. इतका नेमका अर्थ मला कोणत्या गाईडात मिळाला नव्हता.

पण एका मुलीने तिसरा रकाना महिनाभर कोरा ठेवला. मी रागावलो. ती तासानंतर थांबली आणि म्हणाली, "सर, वही सगळ्यांच्या हातात जाते. घरचा शब्द लिवला की घर कळतंय." मी बोली म्हणजे स्वाभिमान असे भाषण तिला देणार होतो. दिले नाही. अस्मितेचे लेख लिहिताना आपण हे विसरतो की घरचा शब्द उघड करण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. कुलकर्ण्यांच्या मुलाने घरचा शब्द लिहिला तर ती गंमत होते. तिने लिहिला तर तो दाखला होतो. त्यानंतर तिसरा रकाना मी सुट्या कागदावर, नाव न घालता, ज्याला हवा त्याने लिहावा असे केले.

'कॉब्लर'चा अर्थ मी तोवर बदलला होता. 'जोडे तयार करणारा' असे लिहू लागलो होतो आणि स्वतःवर खूश होतो. सुभाषनगरातून येणारा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, चुकलंय. डिक्शनरीत कॉब्लर म्हंजी सांधणारा हाय. माझं वडील सांधत न्हाईत, नवं पायताण करत्यात. त्याला दुसरा शब्द पायजे." मी कोश उघडून पाहिले. त्याचे खरे होते. त्याला हवा होता तो 'शूमेकर'. चांभार या एका शब्दाने आमच्या उजव्या रकान्यात दोन वेगवेगळी कामे गिळून टाकली होती आणि इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या ते कधी ध्यानात आले नव्हते.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच चपला मांडल्या, आणि सुरुवातीला त्यांचे वर्णन नुसते 'लेदर सँडल्स' असे केले. ओरड झाल्यावर कंपनीने त्यांचे मूळ मान्य केले. तेव्हा आपली वर्तमानपत्रे चपला करणाऱ्यांना 'कारागीर' म्हणू लागली, 'आर्टिझन' म्हणू लागली. मला त्या मुलाची आठवण झाली. परदेशात माल गेला की कारागीर, आणि पाचवीच्या वहीत चांभार. कारागीर हा शब्द तेव्हाही कोशात होता.

ते सुटे कागद अजून माझ्याजवळ आहेत. बरेच शब्द भरले गेले. 'एन्व्ही'ला 'जळणं' आले, 'डॉन'ला 'तांबडं फुटणं', 'ह्युमिलिएट'ला जवळजवळ अर्ध्या वर्गाने आपापला वेगळा शब्द दिला. 'प्रायव्हसी' राहिला. पुस्तकात खाजगीपणा. एका खोलीत सात माणसे राहणाऱ्या घरातला एक मुलगा बराच वेळ पेन्सिल चावत बसला होता. शेवटी म्हणाला, "सर, आमच्यात त्याला काय म्हणत न्हाईत." मी त्याला रकाना मोकळा ठेवायला सांगितले.